व्हॅक्यूम क्लीनर आवाज करतो, पण ओढत नाही: मोटार बदलायच्या आधी काय तपासायचं

तुमच्या मशीनची तक्रार खालच्यांपैकी कुठली आहे ते आधी बघा.

- मशीन चालू होते, आवाज नेहमीपेक्षा बारीक आणि चढा येतो, पण फरशीवर सांडलेले तांदूळसुद्धा उचलत नाही.
- नवी असताना गादीचं कापड ओढून धरायची, आता त्यावरून नुसती फिरते.
- दहा-पंधरा मिनिटं चालते, आपोआप बंद पडते आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा चालू होते.
- मागच्या जाळीतून येणाऱ्या हवेला कुबट वास येतो, किंवा हवेसोबत बारीक धूळच बाहेर पडते.
- आवाज जड आणि दबलेला येतो, तोही विशेषतः संध्याकाळी.
- मध्येच बंद पडते, हलवली की चालू होते, आणि जाळीतून आत ठिणग्या दिसतात.

पहिल्या चार तक्रारी बहुधा हवेच्या वाटेच्या असतात. पाचवी विजेची आणि सहावी मोटारीची. पण दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण मोटारीपासूनच सुरुवात करतो. परभणीत मी मिक्सर, कुलर, पंखे आणि व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो. दसऱ्याच्या आधी घर झाडायला काढलं की मशीन घेऊन लोक येतात आणि वाक्य ठरलेलं असतं: "दादा, मशीन आवाज करायली, पण कचरा ओढंना गेली. मोटार गेली का बघा बरं." उघडून बघावं तर मोटार ठणठणीत असते आणि फिल्टरवर काळ्या मातीचा थर बसलेला असतो. नवी मोटार टाकली तरी त्या फिल्टरमागून ती काय ओढणार? म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. सुरुवात फुकटातल्या तपासण्यांपासून आहे.

आधी आवाज ऐका

या मशीनमधली मोटार मिक्सरच्याच जातीची, कार्बन ब्रशवर (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) चालणारी असते. तिच्यावर भार असेल तेवढी ती दबते आणि भार उतरला की वेगाने फिरते. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये हवा पुढे ढकलणं हाच तिचा भार. वाट कुठेतरी बंद झाली की ढकलायला हवाच उरत नाही, पंखा मोकळा फिरतो आणि आवाज चढतो. म्हणजे आवाज चढलाय आणि ओढ गेलीय असं दोन्ही एकदम झालं असेल, तर मोटार चांगली आहे आणि हवा अडली आहे असं समजायला हरकत नाही. याउलट आवाज उतरला असेल, घरघर किंवा खरखर येत असेल, तर वीज कमी येतेय किंवा मोटारीतच काहीतरी बिघडलंय.

१. मुठीजवळची खिडकी, डबा आणि झाकण

पाइपच्या मुठीजवळ एक छोटी सरकती खिडकी असते. पडदे साफ करताना ओढ कमी करायला ती उघडतात आणि मग उघडीच राहते. हवा तिथूनच आत जाते, फरशीवरून काही येत नाही. ती बंद करा.

डबा किंवा पिशवी भरली असेल तर रिकामी करा. पूर्ण भरायची वाट बघू नका, अर्ध्यावर आली की काढा. आपल्याकडची धूळ बारीक आणि जड असते. डबा अर्धाच दिसत असला तरी फिल्टर पार बसलेला असतो.

ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या ड्रमच्या मशीनमध्ये मोटारीखाली जाळीत एक फ्लोट असतो. टाकीत पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि मोटारीकडची वाट बंद करतो, म्हणजे पाणी आत जात नाही. मशीन कलंडली किंवा फ्लोटला चिखल चिकटला तर टाकी रिकामी असतानाही तो वरच अडकतो. मशीन बंद करा, सरळ उभी करा, फ्लोट बोटाने वरखाली करून बघा. तो सहज पडला पाहिजे.

झाकण बसवल्यावर दोन्ही कड्या लागल्या का बघा. स्वस्त मशीनमध्ये एका बाजूची कडी सैल झालेली असते आणि झाकण केसभर वर राहतं. तेवढ्याने ओढ जाते.

२. तळहात लावून दोष कुठे ते ठरवा

पाइप मशीनपासून काढा. मशीन चालू करा आणि जिथे पाइप बसतो त्या तोंडावर तळहात लावा.

हात घट्ट ओढला गेला, तर मशीन चांगली आहे आणि दोष पाइपात, नळीत किंवा ब्रशमध्ये आहे. ओढ इथेच कमी असेल, तर पाइप सोडून द्या, दोष फिल्टरमध्ये, रबरात किंवा मोटारीत आहे. या एका तपासणीने निम्मं काम कमी होतं. पाइप तोंडापासून जोडत जा आणि प्रत्येक जोडानंतर तळहात लावा, म्हणजे ओढ नेमकी कुठे हरवते ते सापडतं.

३. पाइपात अडकलेलं आणि पाइपाला पडलेली चीर

पाइप सरळ उभा धरून वरून एक गोटी सोडा. खालून बाहेर आली तर वाट मोकळी आहे. अडकली तर मशीनला ब्लोअर असेल तर पाइप ब्लोअरच्या तोंडाला लावून अंगणात फुंका. ब्लोअर नसेल तर बोथट लाकडी काठी हळूच घाला. लोखंडी सळई घालू नका, पाइपाच्या आत तारेची गुंडाळी असते, ती निसटली की पाइप गेला. केस, साडीच्या फॉलचा दोरा, कापसाचा गुंता, खडूएवढे सिमेंटचे खडे, पाइपातून यातलंच काहीतरी निघतं. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या घरात कापूस साठवलेला असतो, तिथल्या मशीनचा पाइप बहुतेक सरकीच्या आणि कापसाच्या बोळ्यानेच तुंबलेला असतो.

चीर शोधायलाही कापूसच घ्या. पाइपचं टोक तळहाताने बंद करून मशीन चालू ठेवा आणि दुसऱ्याला सांगा की कापसाचा अगदी पातळ पुंजका पाइपाच्या जवळून फिरव. चीर असेल तिथे तो ओढला जाऊन चिकटतो. बहुतेक वेळा ती मुठीला लागून पहिल्या वीतभरात सापडते, कारण पाइपाला धरून मशीन ओढत नेली की सगळा ताण तिथेच येतो. चीर टोकाजवळ असेल तर तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा मुठीत बसवता येतो. चिकटपट्टी तात्पुरतं काम भागवते.

४. फिल्टर: इथे वेळ द्या

मराठवाड्यात या मशीन बंद पडण्याचं खरं कारण इथेच आहे, आणि त्याचा संबंध आपल्या मातीशी आहे. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर असतं आणि चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. कंपनीच्या पत्रकात मशीन शहरातल्या फ्लॅटमधल्या धुळीसाठी, म्हणजे केस, कपड्यांचे तंतू आणि अन्नाच्या कणांसाठी दाखवलेली असते. आपल्याकडे मार्च ते मे वावटळीतून घरात येते ती शेताची माती. जुनं माळवदाचं घर असेल तर वरून पांढरी मातीही गळत असते. हे कण कापडाच्या पिशवीच्या विणीत आणि फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसतात. झटकल्यावर वरचा जाड कचरा पडतो, आतला थर तसाच राहतो. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि हवा मात्र जात नाही.

खात्री करायची असेल तर डबा रिकामा करून पुसून घ्या, फिल्टर काढा आणि पाइप न लावता मशीन फक्त चार-पाच सेकंद चालू करून तळहात लावा. ओढ परत आली तर दोष फिल्टरचाच. यापेक्षा जास्त वेळ किंवा कचऱ्यावर फिल्टरशिवाय मशीन कधीच चालवू नका, माती सरळ मोटारीच्या बेअरिंगमध्ये आणि कार्बनमध्ये जाते.

साफ करायची पद्धत अशी. आधी फिल्टर कोरडाच अंगणात नेऊन हलक्या हाताने आपटा, मग रंग द्यायच्या मऊ ब्रशने घडीघडीतून झाडा. या टप्प्यावर पाणी लावलं तर मातीचा चिखल होतो आणि घड्यांत पक्का बसतो. कोरडी माती निघेल तेवढी निघाल्यावर, आणि फिल्टरवर तो धुता येतो असं लिहिलेलं असेल तरच, साध्या पाण्याची बारीक धार स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे सोडा. उलट धार सोडली तर माती आणखी आत रुतते. गरम पाणी, साबण, कपड्याचा ब्रश, वॉशिंग मशीन यातलं काही नको. कागदी फिल्टर आणि कागदी पिशवी धुवायची नसते, ती बदलायची.

त्यानंतर वाळवणं. इथे लोक घाई करतात. मे महिन्यात फिल्टर बाहेरून तासाभरात वाळल्यासारखा लागतो, पण घड्यांच्या मुळाशी ओल असते. सावलीत, वाऱ्याला पूर्ण एक दिवस ठेवा. पावसाळ्यात दोन दिवस. कडक उन्हात ठेवला तर फिल्टरची प्लास्टिकची कडा वाकते आणि मग तो नीट बसत नाही. वाळला की नाही ते कळायला फिल्टर वर्तमानपत्राच्या कागदावर दाबून धरा. कागदावर ओल उमटली तर अजून थांबा. ओला फिल्टर बसवला की नव्या धुळीचा लगेच लेप तयार होतो आणि दमट हवा मोटारीत जाऊन बेअरिंगला गंज चढतो. कुबट वासही त्यातूनच येतो.

म्हणून मशीन घेतानाच एक जादा फिल्टर घेऊन ठेवा. एक वाळत असताना दुसरा लावता येतो आणि ओला बसवायची वेळ येत नाही. स्वस्त मशीनचं आयुष्य वाढवायला याहून चांगला खर्च माझ्या पाहण्यात नाही.

काही गोष्टी या मशीनने ओढूच नका: रांगोळी, पुट्टी आणि पीओपीची पूड, सिमेंट, चुलीतली किंवा होळीची राख. पुट्टी घासल्यावर पडलेली पूड एकाच खोलीत फिल्टर बसवून टाकते. राखेत तर निखारा शिल्लक असला की पिशवी पेटू शकते. या गोष्टी ओल्या फडक्याने किंवा केरसुणीने काढा.

५. रबराची कड

झाकणाच्या आत रबराची पट्टी असते. तिच्यावर माती बसली की ती दबत नाही. ओल्या कापडाने पुसा. काम झाल्यावर झाकणाच्या कडेने आत धुळीची बारीक रेघ उमटलेली दिसली, तर हवा तिथूनच येतेय असं समजा. मागून धूळ बाहेर पडत असेल तर फिल्टर तिरका बसलाय किंवा फाटलाय.

६. वीज

मशीनवर १६०० वॉट लिहिलं असेल तर २३० व्होल्टवर ती सुमारे ७ अँपिअर खेचते. साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम १३८० वॉटपर्यंत. मोठी पिन काढून छोटी बसवू नका. कुलर किंवा गिझरसाठी केलेला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट वापरा. टीव्हीसाठी आणलेलं बारीक वायरचं एक्स्टेंशन तर नकोच. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, आणि ती गुंडाळलेली असेल तर तापून वितळू शकते. काम करताना मधूनच वायरीला आणि पिनला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर थांबा.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतले सगळे कुलर आणि शेतातले पंप एकदम चालू असतात, तेव्हा व्होल्टेज बसतं आणि मशीनची ओढ बरीच कमी होते. तीच मशीन सकाळी सात वाजता लावून बघा. सकाळी चांगली ओढत असेल तर मशीनमध्ये काही बिघाड नाही. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ती लावू नका, एवढा भार त्याला पेलत नाही.

७. तापून बंद पडणं

कोरड्या मशीनमध्ये ओढलेली हवाच पुढे मोटारीवरून जाते आणि तिला थंड ठेवते. फिल्टर तुंबला की ही हवा थांबते, मोटार तापते आणि आतला थर्मल कटऑफ वीज तोडतो. थंड झाली की परत जोडतो. ही सुरक्षा आहे, बिघाड नाही. पण रोज असं झालं तर मोटारीच्या तारेवरचं इनॅमल हळूहळू जळतं. बाहेर ४२-४३ अंश तापमान असताना हे लवकर होतं. सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका आणि शक्यतो सकाळी वापरा. फिल्टर स्वच्छ, पाइप मोकळा, वीज पुरेशी आणि तरीही बंद पडतेय, तर काम मोटारीचं आहे. कटऑफ काढून वायर थेट जोडून देतो असं कुणी म्हणालं तर मशीन परत घेऊन या. त्याने आग लागू शकते.

८. कार्बन ब्रश, आणि इथे बऱ्याच जणांनी थांबावं

वॉरंटी असेल तर स्क्रूला हात लावू नका. उघडलेली मशीन वॉरंटीत घेत नाहीत.

वॉरंटी संपली असेल आणि मिक्सरचे कार्बन तुम्ही स्वतः बदलत असाल, तरच पुढचं वाचा. पिन काढा, बॉडी उघडा, दोन्ही कार्बन काढून बघा. सहा-सात मिलिमीटरपर्यंत झिजले असतील, तिरके झिजले असतील किंवा स्प्रिंग ढिली असेल तर जोडीने बदला. मापात तंतोतंत बसणारेच घ्या. जाड कार्बन घासून बसवला तर तो अडकतो. नवा कार्बन सुरुवातीला थोड्या निळ्या ठिणग्या टाकतो, तो बसेपर्यंत ते चालतं. पण कॉम्युटेटरभोवती ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसत असेल तर आर्मेचर शॉर्ट झालंय आणि कार्बन बदलून उपयोग नाही.

कारागिराकडे किंवा सर्व्हिस सेंटरला जायची वेळ कुठली, तर ही: जळका वास किंवा धूर, बॉडीला हात लावला की झिणझिणी, मोटारीत पाणी गेलेलं असणं, बेअरिंगची सततची खरखर, वायर गुंडाळणाऱ्या चक्राची तुटलेली स्प्रिंग, आणि बॅटरीच्या मशीनमधली फुगलेली किंवा तापणारी बॅटरी. झिणझिणी येत असेल तर आधी पिन काढा आणि घराचं अर्थिंगही तपासून घ्या. लिथियम बॅटरी घरी उघडायची नाही आणि फुगलेली असेल तर चार्जही करायची नाही. वॉरंटीत असूनही सर्व्हिस सेंटर टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बिल आणि मशीनचा सिरीयल नंबर हाताशी ठेवा.

नवीनच घ्यायची असेल तर

मशीन बघून झाल्यावर "मग कुठली घेऊ?" हा प्रश्न येतोच. दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या मशीन बघून माझं मत असं आहे.

वॉटवर जाऊ नका. वॉट म्हणजे मशीन किती वीज खाते. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १ सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटची आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची मर्यादा घातली. तेवढ्या विजेत चांगली मशीन बनते म्हणूनच ती घालता आली. खोक्यावरचा किलोपास्कलचा आकडाही अपुरा असतो, कारण तो तोंड पूर्ण बंद असतानाचा ताण आहे. माती उचलते ती वाहती हवा. हवेचा प्रवाह लिहिलेला असेल तर तोही बघा.

कापडी पिशवीची साधी मशीन दणकट असते, तिच्यात मोडण्यासारखं कमी असतं. पण पिशवी झटकताना धूळ नाकात जाते आणि काळ्या मातीने विण बुजते. पिशवी नसलेली डब्याची मशीन नवी असताना छान ओढते, रिकामी करायला सोपी असते, मात्र डब्याच्या प्लास्टिकच्या कड्या आणि फिल्टर हे तिचे दोन कच्चे दुवे आहेत. ओल्या-कोरड्या ड्रमच्या मशीन मला आपल्या भागात सर्वात जास्त टिकलेल्या दिसतात. फिल्टर मोठा असतो, टाकी मोठी असते, आणि बहुतेक मॉडेलमध्ये मोटारीला थंड करणारी हवा ओढलेल्या हवेपासून वेगळी असते. आवाज जास्त येतो आणि ठेवायला जागा लागते, हे खरं. वाड्यात, शेतातल्या घरात, अंगण असलेल्या घरात मी तीच सुचवतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटला वायरची हातातली छोटी मशीन पुरते.

स्वस्त बॅटरीच्या मशीनबद्दल मी लोकांना सावध करतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत मे महिन्यात ते तापमान सहज गाठलं जातं. एक-दोन उन्हाळ्यांत चालण्याची वेळ निम्म्यावर येते. घेतलीच तर घरातल्या थंड कोपऱ्यात चार्ज करा, आणि ओढ कमी झाली की बॅटरीला दोष देण्याआधी तिचा इवलासा फिल्टर बघा. तो दर वापरानंतर झटकावा लागतो.

पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: फिल्टर सुटा मिळतो का आणि कितीला, पाइप सुटा मिळतो का, आणि सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे की संभाजीनगरला पाठवावं लागेल. पहिल्याच प्रश्नाला तो अडखळला तर ती मशीन कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. जुन्या मशीनचंही गणित असंच करा. फिल्टर, पाइप, कार्बन यांवर खर्च करा, पण मोटार बदलायचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला आणि डब्याच्या कड्याही तुटलेल्या असतील, तर मी मोटार बदलून देत नाही. गिऱ्हाइकाला नवीन घ्यायला सांगतो आणि जुन्या मशीनचा चांगला पाइप काढून ठेवायला सांगतो, माप जुळलं तर तो नव्या मशीनलाही चालतो.